ठिपक्याकडे बघत राहा



स्मरणिकेसाठी लेख दे असा निरोप आला, त्यासोबत विषयही सुचवला होता : ‘संगणक क्षेत्रातील बदलती आव्हाने’. तेवीस-चोवीस वर्षे सॉफ्टवेअरमध्ये काढलेल्या बाईकडून दुसरे काय मागणार? पण ती आव्हाने आपल्या बॅचमधले निम्मे लोक सोमवार ते शुक्रवार (आणि बऱ्याचदा शनिवारीही) भोगतच असतात. स्मरणिकेत तरी त्यांना सुट्टी देऊ या, असे म्हणून मी संपादक मंडळाची परवानगी काढली आणि विषय बदलून घेतला.

हा लेख अमूर्त चित्रकलेच्या इतिहासाबद्दल आहे. त्यातही एका विशिष्ट धाग्याबद्दल : काही माणसांना रंग आणि आकार यांतूनच अध्यात्माची वाट कशी सापडली, आणि ‘हेच माझे काम’ असे त्यांना कसे उमगले.

मला हा इतिहास शोधावासा वाटला त्याचे कारण घरगुती आहे. गेली सहा वर्षे मी रविवारी सकाळी चित्रे काढते. त्यांत डोंगर नसतो, झोपडी नसते, दोन डोंगरांमधून उगवणारा सूर्यही नसतो. नुसते रंगांचे थर असतात. घरी येणारा प्रत्येक जण विचारतो, ‘हे काय आहे?’ मला उत्तर देता येत नसे. मग ज्यांनी आयुष्यभर हेच केले त्यांनी काय उत्तर दिले असेल, हे बघायला मी लागले. कोड समजेनासा झाला की आम्ही त्याचा जुना इतिहास उघडतो, कोणती ओळ कोणी, केव्हा आणि कशासाठी लिहिली ते पाहतो. सवय तीच, विषय वेगळा.

काकैयाच्या शाळेतला ठिपका

सुरुवात एका शिक्षकापासून करते. ही स्मरणिका शाळेची आहे आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत सुंदर प्रसंग एका प्राथमिक शाळेच्या ओसरीवर घडला आहे.

सय्यद हैदर रझा यांचा जन्म १९२२ साली मध्य प्रांतातल्या मंडला जिल्ह्यात, बाबरिया या गावी झाला. वडील वनखात्यात नोकरीला. नर्मदेच्या परिसरातले दाट जंगल, रात्रीचा काळोख, गोंड वस्त्यांवरचे नाच, असे त्यांचे बालपण. काकैया इथल्या शाळेत हा मुलगा जात असे, पण वर्गात त्याचे लक्ष नसे. एक दिवस शाळा सुटल्यावर नंदलाल झारिया नावाच्या गुरुजींनी त्याला थांबवून घेतले, ओसरीच्या भिंतीवर एक ठिपका काढला आणि सांगितले, बाकी सगळे विसर, याच्याकडे बघत बस. रझा यांनी पुढे आयुष्यभर ही आठवण सांगितली.

पुढे रझा नागपूरच्या कला विद्यालयात शिकले, तिथून मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये आले. १९४७ साली सूझा, हुसेन, आरा, गाडे, बाकरे यांच्याबरोबर त्यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन केला. फाळणीनंतर त्यांची भावंडे पाकिस्तानात गेली, रझा इथेच राहिले. १९४८ साली काश्मीरमध्ये त्यांची गाठ फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांच्याशी पडली. तुझ्या चित्रांत कौशल्य आहे पण बांधणी नाही, सेझानचा अभ्यास कर, असे त्यांनी रझांना सुचवले. १९५० साली फ्रेंच सरकारची शिष्यवृत्ती घेऊन रझा पॅरिसला गेले. १९५६ साली त्यांना ‘प्री द ला क्रितिक’ हा तिथल्या समीक्षकांचा मानाचा पुरस्कार मिळाला. नाव झाले, चित्रे विकली जाऊ लागली.

आणि मग, सगळे सुरळीत असताना, सत्तरच्या दशकात ते अस्वस्थ झाले. आपण चांगला फ्रेंच चित्रकार झालो, पण यात आपले स्वतःचे काय आहे, हा प्रश्न त्यांना पडला. ते पुन्हा पुन्हा भारतात येऊ लागले. अजिंठा-वेरूळ पाहिले, बनारस पाहिले, राजस्थान-गुजरात फिरले. या शोधातून सत्तरच्या दशकाच्या अखेरीस त्यांच्या कॅनव्हासवर ‘बिंदू’ उमटला. गडद, मोठा, स्थिर गोल. नंतरची तीसेक वर्षे त्यांनी हाच बिंदू पुन्हा पुन्हा रंगवला. कधी त्याभोवती पंचमहाभूतांचे पाच रंग आले, कधी त्रिकोण, कधी नागाकृती, कधी देवनागरीत लिहिलेल्या ओळी.

काकैयाचा ठिपका आणि कॅनव्हासवरचा बिंदू यांच्यामध्ये जवळजवळ अर्धे शतक गेले. गुरुजींनी शिकवलेले मुलाला तेव्हाच कळले होते असे मी म्हणणार नाही. त्याने ते जपून ठेवले होते, एवढे खरे. वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या पोराला आज जे सांगितले ते त्याच्या पन्नाशीत उघडू शकते. आपल्या सरांनी आणि बाईंनी हे वाक्य दोनदा वाचावे, अशी माझी विनंती आहे.

रझा जन्माने मुसलमान होते, फ्रान्समध्ये चर्चमध्ये जाऊन शांत बसत असत, आणि चित्रांना नावे देत ‘बिंदू’, ‘कुंडलिनी’, ‘तम शून्य’. त्यांना यात काही विसंगत वाटत नव्हते. पत्नीच्या निधनानंतर काही वर्षांनी, २०१०च्या अखेरीस ते कायमचे भारतात परतले. २३ जुलै २०१६ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे मंडला इथे वडिलांच्या कबरीशेजारी त्यांना ठेवण्यात आले.

प्राध्यापकी नाकारणारा आणि चित्रे झाकून ठेवणारी

आता थोडे मागे आणि थोडे लांब जाऊ.

वासिली कांदिन्स्की हे नाव अमूर्त चित्रकलेच्या प्रत्येक पुस्तकात पहिल्या काही पानांत येते. जन्म १८६६, मॉस्कोचा. शिक्षण कायदा आणि अर्थशास्त्राचे. १८९६ साली, वयाच्या तिसाव्या वर्षी, त्यांना दोर्पात विद्यापीठात (आजचे एस्टोनियातले तार्तू) प्राध्यापकीसाठी बोलावणे आले. ते नाकारून ते चित्रकला शिकायला म्युनिकला गेले. त्याच सुमाराला मॉस्कोतल्या एका प्रदर्शनात त्यांनी मोनेचे गवताच्या गंजीचे चित्र पाहिले होते. ती गंजी आहे हे त्यांना कॅटलॉग वाचून कळले. वस्तू ओळखू आली नाही म्हणून आधी ते वैतागले, पण चित्र मात्र मनातून जाईना. वस्तू हरवली तरी चित्र पकड घेते, याची ती पहिली जाणीव.

नंतर म्युनिकमध्ये एका संध्याकाळी ते स्टुडिओत परतले तर भिंतीला टेकवलेले एक विलक्षण चित्र त्यांना दिसले. नुसते आकार आणि रंग, विषय कळेना. जवळ जाऊन पाहिले तर ते त्यांचेच चित्र होते, आडवे ठेवलेले. हा प्रसंग त्यांनी स्वतः आपल्या आठवणींत लिहून ठेवला आहे. १९११च्या अखेरीस त्यांचे ‘कलेतील आध्यात्मिकतेविषयी’ हे पुस्तक जर्मन भाषेत निघाले. रंग आणि आकार संगीतासारखे थेट मनाच्या आतल्या तारेवर काम करतात, त्यांना झाड किंवा घोडा व्हायची गरज नाही, असा त्याचा गाभा.

पण कांदिन्स्कींच्याही आधी, १९०६ साली, स्वीडनमधली एक बाई हे करत होती. हिल्मा आफ क्लिंट, जन्म १८६२. स्टॉकहोमच्या राजकला अकादमीत पाच वर्षे रीतसर शिकलेली. पोट भरण्यासाठी ती निसर्गचित्रे आणि व्यक्तिचित्रे काढून विकत असे. आणखी चार मैत्रिणींबरोबर ती ध्यान-प्रार्थनेसाठी जमत असे. या गटाचे नावच ‘पाचजणी’. त्या बैठकींतून आपल्याला एका मंदिरासाठी चित्रे काढण्याचा आदेश मिळाला आहे, अशी तिची श्रद्धा झाली. १९०६ ते १९१५ या काळात तिने त्यासाठी १९३ चित्रे केली. त्यांतली १९०७ सालची दहा चित्रे तीन मीटरहून उंच आहेत : फुलांसारखी वेटोळी, अंडाकृती, अक्षरे, गुलाबी-केशरी-निळे रंग. बालपणापासून म्हातारपणापर्यंतच्या अवस्था त्यांत रंगवल्या आहेत.

ते मंदिर कधी बांधले गेले नाही. ही चित्रे समजून घ्यायला आपला काळ तयार नाही, हे तिने ओळखले आणि आपल्या मृत्यूनंतर वीस वर्षे ती कोणाला दाखवू नयेत असे भाच्याला सांगून ठेवले. १९४४ साली ती गेली. मागे हजाराहून जास्त चित्रे आणि हजारो पानांच्या वह्या राहिल्या. १९८६ साली लॉस एंजेलिसच्या प्रदर्शनात ती चित्रे पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर लोकांसमोर आली. २०१८-१९ साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात तिचे प्रदर्शन झाले तेव्हा सहा लाखांहून अधिक लोकांनी ते पाहिले, आणि तो त्या संग्रहालयाचा विक्रम ठरला.

आम्ही सॉफ्टवेअरवाले आज लिहिलेले आज संध्याकाळी चालले नाही तर अस्वस्थ होतो. ही बाई ज्यांच्यासाठी काम करत होती ते लोक अजून जन्मालाही आले नव्हते.

या दोघांचा, आणि डच चित्रकार पीट मोंद्रियानचाही, एक धागा आपल्याकडे येतो. तिघांनाही थिऑसॉफीची ओढ होती. मोंद्रियान तर १९०९ साली तिचा रीतसर सभासद झाला. थिऑसॉफिकल सोसायटी १८७५ साली न्यूयॉर्कला स्थापन झाली, पण तिचे मुख्य केंद्र मद्रासजवळच्या अड्यारला आले आणि तिच्या विचारांवर वेदान्त आणि बौद्ध दर्शनाचा मोठा ठसा होता. आपल्याला इतिहासाच्या पुस्तकात ‘होमरूल’च्या धड्यात भेटलेल्या अॅनी बेझंट बाईंनी लेडबीटर यांच्याबरोबर ‘थॉट फॉर्म्स’ नावाचे पुस्तक लिहिले होते. राग, भक्ती, भीती अशा भावनांचे रंग आणि आकार कसे असतात, याची त्यात चित्रेच आहेत. आपण परीक्षेसाठी बेझंट बाईंच्या सनावळ्या पाठ केल्या. त्यांच्या नावाचा चित्रकलेशीही काही संबंध आहे हे मला चाळिशीनंतर कळले.

आणि १९२२ साली कलकत्त्याला जर्मनीतल्या बाउहाउस या कलाशाळेतील चित्रांचे प्रदर्शन भरले. कांदिन्स्की आणि पाउल क्ली यांची मूळ कामे तिथे मांडली होती. म्हणजे ‘ही अमूर्त चित्रे पाश्चात्त्यांचे खूळ आहे’ असे कोणी म्हटले, तर येणे-जाणे दोन्ही बाजूंनी होते असे खुशाल सांगावे.

गिरगावची चाळ आणि निर्गुणाची वाट

आता आपल्या माणसांकडे येते. वासुदेव गायतोंडे यांचा जन्म १९२४ साली नागपूरला झाला. घराणे गोव्याचे, वाढले गिरगावातल्या चाळीत. १९४८ साली जे. जे.ची पदविका घेतली. पुढे प्रोग्रेसिव्ह ग्रुपच्या मंडळींत आले. मुंबईत वॉर्डन रोडवर भुलाभाई देसाई मेमोरियल इन्स्टिट्यूट होती. तिथे चित्रकार, नाटकवाले, संगीतकार एकाच आवारात काम करत. त्यातलाच एक स्टुडिओ गायतोंड्यांचा. क्लीच्या चित्रांचा अभ्यास करता करता त्यांच्या चित्रांतली माणसे आधी रेषांत विरघळली, मग रेषाही गेल्या. १९५७ साली टोकियोच्या तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनात त्यांना पहिले पारितोषिक मिळाले. १९६४ साली रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले. १९७१ साली पद्मश्री मिळाली आणि त्यानंतर लवकरच ते मुंबई सोडून दिल्लीला गेले. निझामुद्दीनमधल्या छोट्याशा जागेत एकटे राहिले. २००१ साली ते गेले.

गायतोंड्यांना ‘अमूर्त’ हा शब्द आवडत नसे. आपली चित्रे वस्तुनिरपेक्ष आहेत, असे ते म्हणत. फरक बारीक आहे पण महत्त्वाचा. अमूर्त म्हणजे आधी काहीतरी मूर्त होते आणि त्यातून गाळून गाळून हे उरले. वस्तुनिरपेक्ष म्हणजे मुळात वस्तू नव्हतीच. झेन, रमण महर्षी, जे. कृष्णमूर्ती, निसर्गदत्त महाराज हे त्यांच्या चिंतनाचे सोबती. निसर्गदत्त महाराज गिरगावाजवळच्या खेतवाडीत राहणारे, विडीचे दुकान चालवणारे गृहस्थ. निर्गुणाची चर्चा करायला हिमालयात जावे लागत नाही, हे मुंबईकराला घराजवळच दिसत होते.

त्यांची कामाची पद्धत मला सर्वांत जास्त ओढ लावते. ते कॅनव्हासवर रोलरने रंग चढवत, पॅलेट नाइफने खरवडत, कागदाच्या तुकड्यांनी रंग टेकवत आणि उचलत, पुन्हा थर देत. या थरांतून आतून उजेड यावा तसे चित्र तयार होई. वर्षाला पाच-सहा चित्रे, क्वचित त्याहून जास्त. बाकीचा वेळ ते बसून राहत. न करणे हाही त्यांच्या कामाचाच भाग होता.

एरवी अशा माणसाबद्दल आपल्याकडे काय म्हणतात ते मी सांगायला नको. ‘दिवसभर नुसता बसून असतो.’ २०१३ साली, म्हणजे ते गेल्यावर बारा वर्षांनी, मुंबईत क्रिस्टीजच्या भारतातल्या पहिल्या लिलावात त्यांचे एक चित्र २३.७ कोटी रुपयांना गेले. त्यानंतर मात्र वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानांवर त्यांचे नाव आले. २०१४ साली गुगेनहाइममध्ये त्यांचे मोठे प्रदर्शन भरले. किमतीचा आकडा मी मुद्दाम लिहिते आहे, कारण आपल्या ग्रुपवर तोच पुढे पाठवला जातो. पण ज्या माणसाने आयुष्य दोन खोल्यांत काढले त्याच्या इतिहासातली ही सर्वांत बिनमहत्त्वाची ओळ आहे.

नोकरी सांभाळून

इथपर्यंत वाचून कोणाच्याही मनात येईल : म्हणजे अशी हाक ऐकू आली की नोकरी सोडायची, घर सोडायचे? मलाही हा प्रश्न होता, कारण माझे गृहकर्ज अजून संपायचे आहे.

याचे उत्तर मला प्रभाकर बरवे यांच्या चरित्रात मिळाले. जन्म १९३६, अलिबागजवळच्या नागावचा. जे. जे.मध्ये शिकले आणि १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारच्या वीव्हर्स सर्व्हिस सेंटरमध्ये नोकरीला लागले. हातमागाच्या कापडासाठी नक्षी तयार करून देण्याचे तिथले काम. काही वर्षे बनारसला बदली झाली. तिथे तंत्रमार्गातली यंत्रे, चिन्हे त्यांना भेटली आणि ती त्यांच्या चित्रांत उतरली. मग मुंबई. वीसएक वर्षे त्यांनी ही नोकरी केली आणि त्याच काळात आधुनिक भारतीय चित्रकलेतले आपले स्थानही पक्के केले. घराच्या दारा-खिडक्यांना लावतात तो एनॅमल रंग त्यांनी कॅनव्हासवर वापरला. त्यांच्या चित्रांत पान, घड्याळ, सेफ्टी पिन अशा वस्तू येतात, पण त्या मोकळ्या अवकाशात एकमेकींपासून सुटून तरंगतात, जणू स्वतःचे नाव विसरलेल्या. रोज डायरी लिहून त्यांनी या सगळ्याचा विचार केला आणि ‘कोरा कॅनव्हास’ हे मराठी पुस्तक लिहिले. चित्र कसे सुचते यावर मराठीत इतके नितळ लिहिलेले मी दुसरे वाचलेले नाही. १९९५ साली, म्हणजे आपण दहावीतून बाहेर पडलो त्याच वर्षी, ते गेले.

तेव्हा हिशेब असा : कांदिन्स्कींनी प्राध्यापकी सोडली. हिल्माबाईंनी निसर्गचित्रे विकून खरी चित्रे झाकून ठेवली. रझांनी देश सोडला आणि तो पुन्हा चित्रात शोधला. गायतोंड्यांनी गरजाच कमी केल्या. बरव्यांनी मस्टरवर सही केली आणि कामही केले. पाच माणसे, पाच मार्ग. बाहेरच्या मांडणीत काहीही समान नाही. समान आहे ते एवढेच की प्रत्येकाने एका गोष्टीकडे वर्षानुवर्षे, न कंटाळता, बघत राहण्याचे ठरवले. मला वाटते, अध्यात्म या शब्दातला त्यांच्या उपयोगाचा अर्थ हाच होता.

रविवारी सकाळी

आता थोडे स्वतःबद्दल. माझे वडील २०१९ साली गेले. एसटीत नोकरी केलेला साधा माणूस, दर एकादशीला उपास आणि रोज संध्याकाळी हरिपाठ. ते गेल्यावर घरातल्यांनी मलाही संध्याकाळी हरिपाठाला बसवायचा प्रयत्न केला. शब्द तोंडपाठ होते, पण मन लागत नव्हते. त्या दिवसांत मुलीच्या शाळेच्या दप्तरातले पोस्टर कलर घेऊन मी एका पुठ्ठ्यावर निळा रंग लावला. तो वाळल्यावर त्यावर दुसरा निळा. मग तिसरा. दोन तास कसे गेले कळले नाही. बाबा हरिपाठाला बसत तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जी स्वस्थता दिसे ती आतून कशी असते, याचा मला त्या पुठ्ठ्यावर पहिल्यांदा अंदाज आला.

मग सवय झाली. रविवारी साडेपाचला उठते, बाल्कनीत बसते, नऊला दुधाचा आणि नाश्त्याचा संसार सुरू होईपर्यंत काम करते. महिन्याकाठी एखादे चित्र पुरे होते. ती विकायचा किंवा कुठे मांडायचा विचार नाही.

माझ्या व्यवसायातही ‘अॅब्स्ट्रॅक्शन’ हा शब्द दिवसातून दहा वेळा येतो. तिथे त्याचा अर्थ आतली गुंतागुंत झाकून वर एक सोपे बटण देणे. एटीएमसमोर उभ्या माणसाला आतले काही कळायची गरज नाही, पैसे मिळाले की झाले. चित्रात नेमके उलट घडते. झाड, घर, चेहरा ही आपल्या सवयीची बटणे काढून टाकली की बघणाऱ्याला आतच उतरावे लागते. दोन्हीकडे शब्द एकच आहे. आठवडाभर मी झाकायचे काम करते आणि रविवारी उघडायचे. मला दोन्हींची गरज आहे.

आणि ‘हे काय आहे?’ या प्रश्नाचे उत्तर माझ्या सासूबाईंनी परस्पर देऊन टाकले. शेजारच्या काकूंनी विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, ‘अहो, रांगोळीत तरी काय असतं? आपण ठिपके मांडतो, जोडतो, रंग भरतो. कोणी विचारतं का, हे कशाचं चित्र म्हणून? उंबरठा प्रसन्न दिसतो, झालं.’ मी इतकी पुस्तके वाचून यापुढे जाऊ शकलेले नाही.

आपल्या शाळेसाठी

आठवतं का, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांसाठी आपण शनिवारी शाळा सुटल्यावर थांबायचो? स्मरणचित्रात सगळ्यांचा बाजार सारखाच यायचा आणि छत्री धरलेली एक बाई कुठेतरी असायचीच. पण ‘संकल्पचित्र’ नावाचा एक पेपर होता. चौकोन घ्यायचा, त्याचे वक्र आणि सरळ रेषांनी भाग पाडायचे, उष्ण आणि शीत रंगसंगतीत भरायचे. विषय नाही, गोष्ट नाही, फक्त तोल. आपल्या चित्रकलेच्या सरांनी तेव्हा हे ‘अमूर्त’ वगैरे आहे असे काही सांगितले नाही. ते फक्त मागे उभे राहून म्हणायचे, ‘घाई नको, रंग वाळू दे.’ आपण ज्याला गुणांपुरती नक्षी समजत होतो, तो अमूर्त चित्रकलेचा पहिला धडा होता. सर, तुम्ही हे वाचत असाल तर माझा नमस्कार.

चित्रकलेची ती कोपऱ्यातली खोली आता बंद असते, तिथे जुनी बाके ठेवली आहेत. मेळाव्याच्या निधीतून शाळेला काय द्यावे यावर ग्रुपवर चर्चा चालू आहे आणि संगणक कक्षाच्या बाजूने बरीच मते आहेत. संगणकावर पोट असलेली मी उलट मत मांडते आहे, म्हणून ते जरा नीट ऐकून घ्यावे. आज आठवीतल्या मुलाच्या घरात पडदा आहेच, कमी आहे ती पडद्याशिवाय एका जागी तासभर बसण्याची जागा. आजच्या मुलांचे लक्ष हजार ठिकाणी ओढले जाते, आणि ते ओढणारी यंत्रणा बनवणारे लोक माझ्याच व्यवसायातले आहेत. काकैयाच्या गुरुजींना जेवढा त्रास एका मुलाने दिला, तेवढा आज प्रत्येक वर्गात चाळीस मुले देत असतील.

म्हणून माझा प्रस्ताव साधा आहे. बाके हलवावीत, खोलीला चुना लावावा, हात आणि ब्रश धुवायला एक नळ घ्यावा, वीस मुलांना पुरतील एवढे पाट, कागद आणि रंग घ्यावेत. संगणक कक्षाच्या मानाने हा खर्च फार थोडा आहे. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी मी स्वतः येईन. पुण्याहून सकाळच्या गाडीने येऊन संध्याकाळी परत जाता येते. शिकवायला मी कलाशिक्षक नाही, पण मुलांसोबत बसू शकते. आपल्यातल्या कोणाला सुतारकाम येते, कोणाचे रंगांचे दुकान आहे, कोणी अजून उत्तम रांगोळी काढते. त्यांनीही आळीपाळीने यावे. त्यातून एखादा रझा निघेल असे मी म्हणत नाही. तो हिशेब पन्नास वर्षांनी लागतो आणि तेव्हा आपण नसू.

ज्यांना हे पटते त्यांनी मेळाव्याच्या दिवशी दुपारच्या जेवणानंतर त्या खोलीपाशी यावे. किल्ली मुख्याध्यापक बाईंकडून मागून घेतली आहे. येताना एक जुना झाडू आणि फडकी आणावीत.